खंडेनवमीचं लोखंड

(ग्वाल्हेर, दाना ओली मोहल्ला. खंडेनवमीची सकाळ. पाटावर घरातली शस्त्रं मांडून जयसिंहराव आणि त्यांची मुलगी सोनिका पूजेला बसले आहेत.)

सोनिका : तलवार झाली, कट्यार झाली. पण बाबा, गाडीचे हे दोन लोअर आर्म पाटावर कशाला?

जयसिंहराव : कशाला म्हणजे? चाकाला खालून धरून ठेवणारे हातच ते गाडीचे. तुझ्याहून वयानं मोठी आपली गाडी, आणि तेव्हापासून हे चाकरीला. परवा नवे बसवले, जुने काढले. आपल्या घरात राबलेलं लोखंड भंगारात जात नाही, सोनू. घासायचं, रंगवायचं आणि खंडेनवमीला पाटावर बसवायचं. आबांनी तर त्यांच्या सायकलची चेनसुद्धा बसवली होती.

सोनिका : पण काय चमकवलेत! एकदम नवे वाटतायत.

जयसिंहराव : मग! रबराच्या टोप्या फाटल्या होत्या, त्यासुद्धा नव्या घातल्या. देवापुढे फाटकं ठेवायचं का? चल, कुंकू लाव.

सोनिका : हा उजवा... याच्या बॉल जॉइंटची खुंटी बघा कशी लटलट हलतेय. आणि हा डावा... बाबा, ये तो हिल ही नहीं रहा.

जयसिंहराव : गंज धरला असेल आतून.

सोनिका : गंज? तुम्हीच तर मला शिकवलंत, बॉल जॉइंट झिजला की खुंटी खुळखुळते, नवा असला की हातानं हलत नाही. हा हलत नाहीये.

जयसिंहराव : काहीतरीच काय बोलतेस! नवे गाडीत आहेत. इंदरगंजाच्या बाजारातून मी स्वतः आणले, मी स्वतः बसवले.

सोनिका : उजवा त्याच दिवशी बसवलात. डावा काढलात आणि अंधार पडला, म्हणून दुसऱ्या दिवसावर टाकलंत. मतलब, तोपर्यंत जुना डावा रंगवून नव्याच्या शेजारीच वाळत ठेवला होता ना? दोन्ही काळे, दोन्ही चकाचक.

जयसिंहराव : ठेवला होता. म्हणून काय झालं?

सोनिका : आणि दादा म्हणाला पण होता, डावीकडून अजून टकटक येतेय. तुम्ही म्हणालात, नवीन आहे, बसायला वेळ घेईल.

जयसिंहराव : आण इकडे. मी बघतो.

सोनिका : हलतोय?

जयसिंहराव : नाही.

सोनिका : म्हणजे झिजलेला गाडीत आहे. बाबा, गाडीत तरुणदादा आहे. कुसुमआत्या आहे.

जयसिंहराव : कळतंय मला!

सोनिका : आत्या तर ट्रेननं जाणार होती झाशीला.

जयसिंहराव : हो, मीच बसवलं तिला हट्टानं. म्हटलं, ताई, नवे आर्म टाकलेत, पोटातलं पाणी हलणार नाही. माझी अक्कल कुठे शेण खायला गेली होती! फोन लाव तरुणला.

सोनिका : नाही उठवत. चालवतोय ना तो. आत्याला लावते, स्पीकरवर ठेवते. सरळ सांगा, बाबा. आहात तिथे थांबा म्हणून.

जयसिंहराव : सांगतो. घाबरवायचं नाही पण तिला.

कुसुमताई : बोल रे जया! झाली का पूजा?

जयसिंहराव : चालू आहे, ताई. कुठवर पोचलात?

कुसुमताई : डबरा गाव मागे पडलं केव्हाच. तुझा लेक गाडी हाकतोय का विमान, कळत नाही. वर गाणी लावून ठेवलीत, कान किटले माझे.

जयसिंहराव : गाडी कशी चालतेय?

कुसुमताई : मालकासारखीच. कुरकुरते, पण चालते. हा, डावीकडून मघापासून ठकठक येतेय, कुणी दार ठोठावल्यासारखी. मी म्हटलं, बघ रे बाबा उतरून. तर म्हणतो, आत्या, बाबांनी सगळं नवं टाकलंय, काळजी नको.

सोनिका : बाबा, सांगा ना!

जयसिंहराव : ताई, चहाला थांबा ना जरा कुठेतरी.

कुसुमताई : आत्ता तर प्यायलो.

जयसिंहराव : तरी थांबा. पाय मोकळे होतील.

कुसुमताई : जया, काय झालंय? लहानपणापासून बघतेय, काही लपवायचं असलं की तू दुसऱ्याला खायला-प्यायला घालतोस.

जयसिंहराव : काही नाही गं. डावीकडचा एखादा नट ढिला राहिला असेल. तरुणला म्हणावं, बेतानं चालव. मिस्त्री दिसला की दाखवून घे.

सोनिका : नट? बाबा, नट कुठे आहे तो!

जयसिंहराव : तू गप्प बस गं!

कुसुमताई : ऐकलंस का रे तरुण? तुझे बाबा म्हणतात, नट ढिला आहे... हो म्हणतोय. पण मला नाही बाई आता बसवत. ऐक, ऐक, केवढा वाढलाय आवाज! थांबव रे गाडी. थांबव म्हणते ना! जया, ठेवते. उतरू दे मला आधी.

सोनिका : नट का म्हणालात तुम्ही?

जयसिंहराव : मग काय म्हणू? सगळी दाना ओली मला गाडीतला जाणकार समजते. पूजेच्या हौसेपायी भंगार रंगवलं आणि तेच पोराच्या चाकाला बांधलं, असं सांगू? आणि ते सुद्धा ताईला, जिला मीच ओढून बसवलं?

सोनिका : हो! तसंच सांगायचं होतं.

जयसिंहराव : थांबलेत ना ते. थांबले म्हणजे झालं.

सोनिका : आत्या थांबली. दादाचं काय? नट ऐकून कुणी थांबतं का? चाक निखळू शकतं, हे त्याला पता ही नहीं, बाबा.

जयसिंहराव : लाव. परत लाव त्याला.

सोनिका : घंटी जातेय... नाही. नाही उठवत.

जयसिंहराव : ताईला लाव. लवकर.

कुसुमताई : हां, उतरले बाई एकदाची. कडुनिंबाखाली उभी आहे. सावली बरी आहे, तू काळजी करू नकोस.

जयसिंहराव : तरुणला दे.

कुसुमताई : तो गेला पुढे.

जयसिंहराव : गेला?

कुसुमताई : म्हणाला, आत्या, तुम्ही टेका इथे. वळणापलीकडे मिस्त्री आहे, नट आवळून येतो. मी म्हटलं, बरं. तूच म्हणालास ना, नट आहे म्हणून?

जयसिंहराव : ताई, नट नाही गं तो. जुना आर्म आहे. झिजलेला. रंगाला भुललो आणि मीच तो परत गाडीत बसवला, नवा इथे पाटावर पडलाय. तुटला तर चाक आडवं होईल. त्याला थांबव. कुणाची तरी मोटारसायकल अडव, त्याला पाठव मागे, काहीही कर!

कुसुमताई : मग मघाशी मला खरं का नाही सांगितलंस?

जयसिंहराव : लाज वाटली, ताई.

कुसुमताई : लाज? अरे, पोरगा आहे तो तुझा!

सोनिका : आत्या, दादा दिसतोय का?

कुसुमताई : वळणापर्यंत दिसत होता. हळूच चालला होता गं... थांब.

सोनिका : काय झालं?

कुसुमताई : ट्रक थांबायला लागलेत. एकामागून एक. माणसं उतरून पुढे पळतायत.

जयसिंहराव : दुसरं काही असेल. ढोरं आली असतील रस्त्यात. ताई, तू तिकडे जाऊ नकोस. सावलीत बस, ऐक माझं. आम्ही निघतोच इथून.

कुसुमताई : मी केव्हाच चालायला लागलेय, जया. तू फोन ठेवू नकोस फक्त.