गाठीपर्यंत श्वास

रेडिएशनच्या खोलीबाहेर, माझ्या शेजारच्या बाकावर, एक म्हातारा आणि त्याची थोरली बहीण नंबराची वाट बघत बसली होती.

“काल म्हणे त्या मशीनवालीनं तुला झापलं?”

“तोंडावर मास्क लावून प्राणवायू सोडला होता, ताई, आणि मी श्वासच रोखून धरलेला.”

“का रे बाबा?”

“हलू नका म्हणाली ना ती! उभा जन्म फोटो स्टुडिओत लोकांना हेच सांगत आलो. हलू नका, श्वास रोखा. अंगवळणी पडलंय.”

“पण गाठीला मारायचं, तर तिला प्राणवायू कशाला पाजायचा?”

“मीही डॉक्टरीणबाईंना तेच विचारलं. त्या म्हणाल्या, गाठ इतकी भराभर वाढते की तिच्या पोटात रक्त धड पोचतच नाही. तिथल्या पेशी गुदमरतात, पण मरत नाहीत. दबा धरून बसतात.”

“श्वासाशिवाय?”

“जवळजवळ. आणि अशा पेशी किरणांना दाद देत नाहीत. तिथं प्राणवायू पोचला, तर घाव पक्का बसतो.”

“अगं बाई! म्हणजे किरण त्यांचे आणि श्वास तुझा.”

“हो ना. मला वाटत होतं, आपण नुसतं पडून राहायचं.”

“काका, चला आत.” मशीनवालीनं दारातून हाक मारली.

“जा. आणि आज फोटो काढायचा नाहीये, लक्षात ठेव.”

जड दार लागलं. वरचा लाल दिवा पेटला. बहीण डोळे मिटून छाती भरभरून श्वास घेऊ लागली.

“धाप लागलीय का? पाणी देऊ?” मी विचारलं.

“नको. तो बाहेर येईपर्यंत मला बोलायला लावू नका.”