म्हातारीला विचारून येते

मामा : मला वेगळ्या भांड्यात वाढ, अराबा.

बाबा : मलाही वेगळंच दे. आणि त्याच्यापासून जरा लांब ठेव.

अराबा : कंद कुटून केलेला फुफूचा गोळा एक, सूप एक आणि भांडी दोन? अहो, आईच्या लग्नापासून दर शनिवारी तुम्ही दोघं एकाच भांड्यात जेवताय. ती मासळी विकून घरी आली आणि तिनं दोन भांडी पाहिली, तर दोघांनाही उपाशी ठेवेल.

मामा : तुझ्या बापाला सांग. भर चर्चमध्ये माझी शोभा केली त्यांनी.

बाबा : तू करून घेतलीस, फिफी. पोरीला दोन विद्यापीठांत प्रवेश मिळालाय, कुठे जायचं ते अजून ठरायचंय, आणि हा शहाणा पास्टरांच्या कानाला लागून सांगतो, "आमची भाची खाडी विद्यापीठात निघाली, देवाचे आभार माना!"

मामा : मग? आभारच मानले. शिव्या तर नाही ना दिल्या?

बाबा : पास्टरांनी ते सगळ्यांपुढे जाहीर केलं, म्हणून मला उभं राहून सांगावं लागलं, "पास्टर, दुरुस्ती. टेकडी विद्यापीठ."

मामा : दुरुस्ती म्हणे! चर्च म्हणजे काय तुमच्या शाळेचा वर्ग आहे, दाजी?

अराबा : आणि माझं काय झालं? एकदा खाडीसाठी आभाराचं दान टाकायला रुमाल हलवत, नाचत पुढे गेले. जागेवर येऊन बसते न बसते, तोच टेकडीसाठी पुन्हा गेले. लोकांनी दोनदा टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावरची मावशी विचारत होती, "जुळ्या आहात का गं तुम्ही?"

बाबा : हसू नकोस, फिफी.

मामा : हसतोय कुठे? ठसका लागला. मिरची फार पडलीय सुपात.

अराबा : हसा, खुशाल हसा. पण आज पाचच्या आत मला एका ठिकाणी होकार कळवायचाय. नाही कळवला तर दोन्ही जागा जातील. मग देवाचे तिसऱ्यांदा आभार मानत बसा.

मामा : त्यात विचार कसला करायचा? खाडी! मी तिथंच शिकलो. समोर पाणी, वर वारा. डोकं कसं थंड राहतं.

बाबा : इतकं थंड, की याचं चार वर्षांत एकदाही तापलं नाही. तू टेकडीवर जा, बाळ. मी तिथे शिकलोय. चढउतार करून माणूस काटक होतो.

मामा : काटक? तुमचं पोट तुमच्या आधी दारातून आत येतं, दाजी.

अराबा : भूमापनाचा अभ्यासक्रम दोन्हीकडे सारखाच आहे. फी सारखी. आपल्या साल्टपॉन्डहून ट्रोट्रोच्या खटारा गाडीत बसलं की धक्केसुद्धा तेवढेच खायचे.

बाबा : पण टेकडीवर प्राध्यापक बोआडू आहेत! मोजणीतला बाप माणूस.

मामा : बोआडू? ते तर आमच्या खाडीवर शिकवतात!

अराबा : आठवड्यात निम्मे दिवस इथं, निम्मे दिवस तिथं. विनोदही तेच. दोन्हीकडे ऐकून आलेय मी.

मामा : कर्म माझं!

बाबा : बघ, म्हणजे आमचाच माणूस पळवला तुम्ही.

मामा : ते जाऊ दे. आपल्यात मूल आईच्या कुळाचं, म्हणजे माझ्या कुळाचं. भाचीच्या शिक्षणाचं मामानंच बघायचं, ही रीत काय मी काढली? मंकेसिमच्या रस्त्यालगतची आमची जमीन आहे ना, जिच्या हद्दीवरून सगळं कुळ भांडतंय, ती उद्या हीच मोजणार आहे.

बाबा : आणि हिचं नाव कुणी ठेवलं? बापानं. बारशाला जिभेवर आधी पाण्याचा थेंब, मग दारूचा थेंब ठेवून "पाण्याला पाणी म्हण, दारूला दारू म्हण" हे कुणी शिकवलं? आमच्या घराण्यानं.

मामा : थेंबभर दारू पाजलीत आणि चार वर्षं मागताय?

अराबा : पुरे! रस्सीखेच तुमची चाललीय आणि रस्सी मी झालेय. मामा, एक विचारू?

मामा : विचार की.

अराबा : त्या जमिनीच्या बैठकीत तुम्ही पंच होतात. निकालाची वेळ आली तेव्हा "म्हातारीला विचारून येतो" म्हणालात आणि सगळे पंच उठून आंब्यामागे गेलात. तिथं खरंच कुणी म्हातारी होती?

मामा : खुळी की काय तू! म्हातारी कधीच नसते. तसं म्हणायची पद्धत आहे. बाजूला जायचं, ठरवायचं, परत येऊन निकाल सांगायचा. म्हणजे मग अमका माझ्या विरोधात बोलला, तमका बोलला, असं कुणाच्या मनात राहत नाही. म्हातारी बोलली, संपलं.

अराबा : आणि त्यावर वाद?

मामा : म्हातारीशी वाद? छे! माझ्या हयातीत कुणी घातलेला नाही.

अराबा : मग बसा दोघंही. मी म्हातारीला विचारून येते.

बाबा : अगं, ते वडीलधाऱ्यांचं काम!

अराबा : वडीलधारे भांड्यांवरून भांडतायत, बाबा.

(ती अंगणात, आंब्याच्या झाडामागे जाते. आत दोघंच उरतात.)

मामा : कार्टी वकील व्हायची ती भूमापनाला चाललीय.

बाबा : तुझ्यावर गेलीय.

मामा : दाजी, ती टेकडी म्हणाली, तर मला टोमणे मारून मारून जीव घ्याल ना?

बाबा : आणि ती खाडी म्हणाली, तर तू काय सोडणार आहेस मला? खरं सांगू, फिफी? रविवारपासून तू बोलला नाहीस. मला अन्न गोड लागलं नाही.

मामा : पोटाकडे बघून तसं वाटत नाही. ...मलाही नाही लागलं.

अराबा : आले मी. म्हातारी म्हणते, टेकडी.

मामा : हं.

अराबा : बाबा, जिंकल्यासारखं हसू नका. तुमच्यासाठी नाही म्हणाली ती. आम्हाला दोन्ही विद्यापीठं बघायला बोलावलं होतं ना, तेव्हा म्हातारी सोबत होती. खाडीवर मोजणीची दुर्बीण पोरांच्या हातात होती. पोरींनी लांब काठी धरून उन्हात उभं राहायचं, नाहीतर आकडे लिहून घ्यायचे. मी म्हटलं, दुर्बिणीवर आमची पाळी कधी? तर म्हणाले, "तुमचं अक्षर चांगलं असतं ना!"

मामा : कोण म्हणालं? नाव सांग त्याचं!

अराबा : टेकडीवर दुर्बिणीशी एक मुलगी उभी होती आणि काठीवाल्या पोरावर ओरडत होती, "सरळ धर रे, झोपलास का?" मग मला म्हणाली, ये, बघ. मी डोळा लावला. समुद्रातली होडी इतकी जवळ आली की जाळं ओढणाऱ्याचं फाटकं बनियन दिसलं. तिथून हलूच नये असं वाटलं मला.

बाबा : मग हे म्हातारीनं आधी का नाही सांगितलं?

अराबा : तिला विचारलं कुणी? तुम्ही दोघं एकमेकांनाच विचारत होतात. आणि ज्या मामानं बोट धरून शाळेत नेलं, त्याच्या तोंडावर "तुमची खाडी नको" म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती.

मामा : इकडे ये. ये अशी. रडतेस काय? माझ्या कुळातली पोर दुसऱ्याची काठी धरून उन्हात उभी राहणार? त्या खाडीचं नाव काढू नकोस माझ्यासमोर. जा, कळव होकार.

अराबा : खरंच?

मामा : म्हातारीशी वाद घालू का आता? पळ, पाच वाजतील.

बाबा : गेली बघ, चप्पलसुद्धा न घालता.

मामा : दाजी, तिला पोचवायला मी येणार. कुळातर्फे कुणीतरी हवंच.

बाबा : तू नाही तर कोण?

मामा : ती तुमची टेकडीवाली पोरं म्हणे नव्यांना फाटकापाशीच अडवतात. सोबतच्यांनी टेकडीचं गाणं म्हटल्याशिवाय कुणालाच आत सोडत नाहीत.

बाबा : नाहीच सोडत.

मामा : शब्द काय आहेत त्याचे?

बाबा : आधी दार लोटून घे, फिफी. शेजाऱ्यांना ऐकू जाईल.