वाघोबा खिंडीत गाडी उचलेना

जमुना : ड्रायव्हर दादूला कामावरून काढलंत, तरी गाडी चढाला रडतेच आहे.

आनंदा : पॅडल पूर्ण दाबलंय. ऑटोमॅटिक गाडी, खालचा गिअर आपोआप पडायला हवा. ही वरच्याच गिअरवर कण्हतेय.

जमुना : मागे ट्रकवाला हॉर्न मारतोय. घ्या बाजूला.

आनंदा : घेतली. बोईसरच्या मेस्त्रीनं गिअरचं तेल बदललं, कार्ब्युरेटर साफ केला. शेवटी म्हणाला, जुनी झाली गाडी. आणि मी म्हणत होतो, दादूनं गिअरबॉक्स जाळला.

जमुना : नुसतं म्हणत नव्हतात. कारखान्याच्या फाटकात, सगळ्या कामगारांसमोर बोललात त्याला. जा, बैलगाडी हाक, म्हणालात.

आनंदा : म्हणालो खरं. तू इकडे माझ्या जागेवर बस. मी बोनेट उघडतो. इंजिन बंद आहे, पॅडल दाब.

जमुना : दाबलं.

आनंदा : पूर्ण दाब.

जमुना : पूर्णच आहे. खाली टेकलं.

आनंदा : इथं पॅडलपासून गिअरबॉक्सकडे जाणारी वायर निम्मीच ओढली गेली. मग गिअरला कळणार कसं, जोर हवाय ते? पॅडलखाली काय आहे?

जमुना : काथ्याचं पायपुसणं.

आनंदा : एवढं जाड? कुणी घातलं?

जमुना : मी. दादू पावसात अनवाणी यायचा, चिखलाच्या पायांनी. गालिचा खराब होतो म्हणून दोन थर शिवून घातलं.

आनंदा : काढ ते. आता दाब. हां, आली पूर्ण.

जमुना : अहो, त्यानं मला सांगितलं होतं. म्हणाला, बाई, हे काढू का, पाय खाली जात नाय. मी म्हटलं, आधी पाय धुऊन ये.

आनंदा : मग मला का नाही बोलला?

जमुना : माझं नाव घ्यावं लागलं असतं.

आनंदा : बस तिकडे. निघू या. बघ, पडला खालचा गिअर. कशी चढतेय.

जमुना : मला नाही बघवत. मनोरला लग्नाला उशिरा पोचलो तरी चालेल. आधी मासवणला दादूच्या घरी चला.

(मासवण. दादूच्या घराचं अंगण.)

नवसी : दादू नाय घरी. मी त्याची बायको, नवसी. तो वसईकडं वीटभट्टीवर गेलाय. पाऊस लागंल तवा येल.

आनंदा : त्याला निरोप दे. गाडी त्याच्यामुळं बिघडली नव्हती. चूक आमची होती.

जमुना : माझी होती, नवसी. त्याला परत कामावर बोलावलंय म्हणून सांग.

नवसी : सांगीन. पण तो नाय यायचा, बाई.

जमुना : राग धरलाय त्यानं?

नवसी : राग नाय. गावच्या सरपंचानं जीपवर बोलावला, तरी नाय गेला. म्हणतो, माज्या हातानं गाडी बिघडते.