हरभऱ्याची वाळली भाजी

(झरी. पंचमीला माहेरी आलेली कासा उंबऱ्याशी बसली आहे. तिला न्यायला पेडगावहून सासू धुरपताबाई स्वतः छकडा घेऊन आली आहे. समोर कासाची आई, कस्तुराबाई.)

धुरपताबाई : आन् हे बी घ्या माघारी, तुमचा पाला. आमच्या म्हशी बी तोंड लावनात याला.

कस्तुराबाई : हरभऱ्याची भाजी हाय ती, ईनबाई. पुसाच्या महिन्यात कासासंगं धाडली व्हती.

धुरपताबाई : भाजी म्हनं! काळी कुट्ट, वरून बुरशी. वाळवायची हीच रीत हाय व्हय तुमच्यात? आमच्यात सालगड्याच्या ताटात बी असलं वाढत न्हाईत.

कस्तुराबाई : बसा तरी. श्रावणी सोमवार हाय, उपास हाय माझा. वंगाळ बोलायचं न्हाई. बगू द्या गाठोडं.

धुरपताबाई : बगा की! वली भरली आसंल, दुसरं काय. गरिबाला घाईच लय.

कस्तुराबाई : या भाजीला घाई चालत न्हाई. धुवायची न्हाई, धुतली की पानावरची आंबट आंब जाती. उन्हात टाकायची न्हाई, पान पिवळं पडतं. सावलीत धोतरावर पसरायची, हातानं हलवीत ऱ्हायचं. कुस्करली की चुरचुर वाजली पायजे. मंग वर कडू लिंबाचा पाला आंथरायचा. कासाला सांगून धाडलं व्हतं मी, गेल्या गेल्या गाडग्यात भर म्हणून.

धुरपताबाई : गाडग्यात! आमच्या घरी मडकी न्हाईत आता. पत्र्याची संदूक हाय, खास हैदराबादची. तुमची चीज म्हणून तिच्यात ठिवली, इज्जतीनं, कुलूप लावून.

कस्तुराबाई : गाडगं दम घेतंय, पत्र्याला पावसाळ्यात घाम फुटतोय. हे बगा, कडंकडंनं काळी पडलीया. बाजूनं मधी हात घाला. घाला की, बाटत न्हाई. हिरवीगार हाय. वली भरली असती तर आदी मधूनच सडली असती.

धुरपताबाई : मला नगा शिकवू. आमी तर हात बी लावला न्हाई. तुमच्या लेकीनंच वरपली, वाडगं भरभरून.

कस्तुराबाई : कासानं?

धुरपताबाई : मंग! रोज खायाची. शंभर एकराची सून हाय ती, खायला काय कमी हाय तिला?

कस्तुराबाई : बुरशीखाली लिंबाचा पाला मी आंथरला तसाच हाय, ईनबाई. एक पान हाललं न्हाई. कासा, संदुकीची किल्ली कुणाच्या कमरंला असती गं?

कासा : आत्याबाईच्या.

कस्तुराबाई : आन् भाकरीची दुरडी?

कासा : ती बी संदुकीतच.

धुरपताबाई : असंल! चोरून खाती ती. सुना मोकळ्या सोडल्या की घर बुडतं. तुमाला काय ठावं, बुडायला घर लागतं आदी.

कस्तुराबाई : खरं हाय. शंभर एकर, आन् भाकरीला कुलूप. एवढं मोठं घर आमी कुठं बगावं? पोलीस ॲक्शनच्या साली रझाकाराच्या भ्यानं जवारीत लपलो व्हतो. हीच भाजी पान्यात भिजवून खाल्ली. शेजारनीच्या लेकरांना बी दिली. कुलूप लावायचं सुचलंच न्हाई बगा, अडानी माणसं आमी.

धुरपताबाई : टोमणे ऐकायला आले न्हाई मी. छकडा जुपलाय. आज आली न्हाई तर पेडगावची वाट बंद तिला. पोराला दुसरी करीन, चार जणी रांगंत उभ्या हायेत.

कस्तुराबाई : पंचमीला आली तर बांगड्या कोपरापातूर चढायल्या व्हत्या तिच्या. मी आपलं म्हनलं, रानात काम लय आसंल. तुमचीच बाजू घेतली, येडीनं.

धुरपताबाई : मंग आता काय, ठिवून घेताव का तिला?

कस्तुराबाई : जा म्हनायची न्हाई मी, नगं बी म्हनायची न्हाई. ऱ्हायली तर माझ्या ताटातली अर्धी तिची.

धुरपताबाई : ऐकलंस ना? माय बी तोंड फोडून ऱ्हा म्हनंना. ऊठ, उचल बोचकं.

कासा : आत्याबाई...

धुरपताबाई : काय गं?

कासा : आबाळ भरून आलंय. वढ्याला पाणी चढायच्या आत निघा तुमी.