निवृत्ती बहिणीच्या सासरी जे सांगणार होता

मंडळी, प्राचार्य म्हणाले, "तुम्ही विभागप्रमुख, निवृत्तीच्या शोकसभेत तुम्हीच बोला." वर्गात मी तासन्‌तास बोलतो. पण हे बोलणं वेगळं. ज्या पोरानं मला स्मशानात पोहोचवायचं, त्याच्यावर मी बोलायचं? हा कुठला न्याय?

निवृत्ती आमच्या प्राणिशास्त्र विभागात शिकवत होता, हे तुम्हाला ठाऊक आहे. अकोले तालुक्याच्या डोंगरातला, भातशेतीवाल्या घरचा. नगरला आला आणि माझ्या सामानाच्या खोलीत पांढरे उंदीर आणून ठेवले. काय तो वास! मी रोज भांडायचो. "अरे गाढवा, हे कॉलेज आहे का धान्याचं कोठार?" तो हसायचा. या दुष्काळात नळाला पाणी नसायचं, तेव्हा हा स्वतःच्या वाट्याची कळशी उंदरांना पाजायचा. आंघोळीला बुट्टी. मग दोन वास झाले!

हसा, मंडळी. त्याला आवडलं असतं.

हा करायचा काय? उंदराच्या मादीच्या पोटातला अगदी सुरुवातीचा, एका पेशीचा गर्भ काढायचा. डोळ्याला दिसत नाही एवढा. काचेच्या बशीत ठेवून तो वाढतो का बघायचं. एकाच्या दोन पेशी व्हायच्या आणि गाडी तिथंच अडायची. "सर, आजही दोनवरच." महिनोन्‌महिने हेच. मी म्हणायचो, सोड रे, पुढारलेल्या देशांतही अडतंय म्हणतात, तुझ्या या खोलीत काय होणार? तो सोडायचा नाही. का सोडायचा नाही, ते आज सांगतो.

घरची गोष्ट आहे. सकाळी मी त्याच्या आईंना विचारलं, बोलू का? त्या म्हणाल्या, "बोला सर. साऱ्या गावाला ठावं हाय, तुमीच काय लपवायचं?"

निवृत्तीची धाकटी बहीण हौसा. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. आपल्याकडे बाळ आलं की तेल कोमट करतात, आजी पायावर घेते, हातपाय चोळते, ओढते, आडवेतिडवे जुळवते. तुम्ही मी सगळे तसेच वाढलो. आईंनी तेच केलं. बाळ किंचाळलं. मांडी सुजली. दुसऱ्या दिवशी दंड. डॉक्टर म्हणाले, हाडं मोडलीत. बाळ महिनाभरही जगलं नाही. गाव काय म्हणालं असेल? म्हातारीनं चोळून मारलं नातवाला.

आईंनी त्या दिवसापासून कुणाचं पोर मांडीवर घेतलं नाही.

निवृत्तीनं पुस्तकं पालथी घातली. मला सांगायचा, "सर, हाडात चुना असतो एवढंच आपण शिकवतो. पण त्या चुन्याला धरून ठेवणारे दोरे असतात, प्रथिनाचे. ते दोरेच नीट वळले नाहीत, तर हाड कुणीही न मोडता मोडतं. काही बाळांची तर पोटातच मोडतात. आईच्या हातानं काही झालं नाही, सर." मी म्हटलं, मग हे आईला सांग की! सांगितलं त्यानं. त्या म्हणाल्या, "तू माझा ल्योक. तू आसंच म्हननार."

मग त्यानं आईंना इथं आणलं, गर्भाची बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून समोर बसवलं. मी तिथंच उभा होतो. त्यांनी बराच वेळ डोळा लावला आणि म्हणाल्या, "यात हाडं कुठं हाईत?"

"अजून नाहीत, आई. पण कशी करायची ते यातच ठरलेलं असतं."

"मंग ठरवलं कुनी?"

निवृत्तीनं माझ्याकडे बघितलं. मी बशी उचलून परत उबेत ठेवली. 

पुढं हौसाला पुन्हा दिवस गेले. मुलगी झाली. या वेळी कुणी तेल लावलं नाही, चोळलं नाही. कापसावर ठेवली होती. कूस बदलताना पाय मोडला. तीही गेली.

आई आरोपातून सुटल्या, मंडळी. आणि हौसा अडकली. तिचे सासरे म्हणाले, मग खोट हिच्याच कुशीत आहे. तिला माहेरी धाडली. आईंनी त्या दिवशी निवृत्तीला काय म्हणावं? "तू कशाला शोधत बसलास? माझ्या हातानंच झालं म्हनत व्हते, ते बरं व्हतं. पोरगी तरी नांदत व्हती."

हे ऐकून तो माझ्या घरी आला आणि ढसाढसा रडला. मी चहा दिला. चहा! 

त्यानं ठरवलं होतं, हौसाच्या सासरी जायचं, ओट्यावर बसून सगळ्यांना सांगायचं. एसटीनं जाणार होता. कावीळ झाली. आज बरं वाटेल, उद्या वाटेल, म्हणता म्हणता तो गेलाच. त्याआधी दवाखान्यात मी विचारलं, "जाऊन सांगणार होतास तरी काय?" तो म्हणाला, "सर, दोष दोघांकडून आला असेल. एकाकडूनच आला असेल. कुणाकडूनच आला नसेल, त्या पहिल्या पेशीतच नव्यानं बिघडलं असेल. मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. तेवढंच सांगणार होतो."

म्हणजे हातात काही नाही. पुरावा नाही, औषध नाही. तिसरं बाळ कसं होईल, ते सांगता येत नाही. मी तीस वर्षं हा विषय शिकवतो, आणि माझ्याकडेही काही नाही. लाज वाटते, राग येतो. कुणावर काढू?

जावईबापू, तुम्ही आलात. मागं दाराशी उभे आहात, मघापासून बघतोय. मेहुण्याच्या शोकसभेला यायलाच हवं म्हणून आला असाल, तरी आलात. तुम्ही हौसाला वेडंवाकडं बोलला नाहीत, हे निवृत्तीच सांगायचा. पण न्यायलाही आला नाहीत. तुमचीही दोन लेकरं गेली. तुम्हाला कुणी काही विचारलं का? मीही विचारलं नाही.

निवृत्ती तुमच्या ओट्यावर येणार होता. तो नाही आला. त्याचे शब्द मी इथं सांगितले. मला त्याच्यासारखं समजावता येत नाही. तुमच्या वडिलांची समजूत कशी घालायची, तेही मला ठाऊक नाही.

हौसा तिथं बायकांत बसली आहे, आईंच्या शेजारी. आता आपण सगळे निवृत्तीसाठी उठणार आहोत. जावईबापू, दाराशी उभे राहू नका. पुढं या. तिच्या शेजारी उभे राहा. मी हुकूम करू शकत नाही, हात जोडतो.

बायकांनो, जरा वाट द्या त्यांना.

उठा, मंडळी. आता कुणी बोलू नका.