गॅलरीतलं पोळं

दवाखान्यात माझ्या शेजारी एक जोडपं नंबराची वाट बघत होतं. नवऱ्याचा एक डोळा सुजून पार मिटला होता.

“गांधीलमाश्यांच्या पोळ्यात हात घालायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?”

“हात नाही घातला. वाऱ्याने ते लोंबायला लागलं होतं. पडेल म्हणून जरा चिकटपट्टी लावत होतो.”

“पोळ्याला चिकटपट्टी?”

“हळू बोल. लोक बघतायत.”

“बघू देत. त्या पोळ्यापायी माझा दादा महिनाभर आपल्याकडे फिरकला नाही. दर रविवारी गॅलरीतल्या त्या खुर्चीत बसायचा बिचारा.”

“बसायचा, आणि मी नोकरी कशी करावी, ते मला संध्याकाळपर्यंत शिकवायचा.”

“म्हणजे मुद्दाम ठेवलंत होय ते? तरीच फवारणीवाला आला नाही!”

“आला होता. मागच्या आठवड्यात मीच त्याला जिन्यातून परत पाठवला.”

“अगंबाई, पुन्हा आला होता? त्याच्या आधी मी घालवला होता त्याला.”

“तू? तू का?”

“दादा दर रविवारी माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतो, ते कधी ऐकलंत तुम्ही?”

नवरा उरलेल्या डोळ्याने तिच्याकडे बघत राहिला. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

“हॅलो, दादा? हो रे, आहे अजून पोळं. छे छे, तू इतक्यात येऊ नकोस. यांना बघ ना, केवढं चावलंय!”

तिने फोन पर्समध्ये टाकला.

“चिकटपट्टी कुठली लावलीत?”

“ती पारदर्शक.”

“ती टिकते का उन्हात? कपाटात रुंद खाकी पट्टी आहे. घरी गेल्यावर काढून देते.”