पझुझूला नऊ हजार

"पाय वर! ओल्या फरशीवर कुणी यायचं नाही," प्रसूतिगृहाच्या मावशी गरजल्या. बाकावरच्या होणाऱ्या बापाने आणि त्याच्या मेहुण्याने पाय उचलले, पण दोघं मिळून रचत असलेल्या राक्षसांच्या खेळाच्या वहीतून मान काही उचलली नाही. पुसता पुसता मावशींनी कान टवकारले.

"भावोजी, ही मेसोपोटेमियाची लमाश्तू, तान्ही बाळं पळवणारी राक्षसीण. किती वारांत मरेल? तीनशे?"

"तीन."

"तीन? हिला मांजरसुद्धा लोळवेल! आणि तिला हाकलणारा पझुझू? तो कुत्र्याच्या तोंडाचा, पंखवाला?"

"नऊ हजार वार लिही."

"मग खेळात मजा काय उरली?"

"मजा गेली खड्ड्यात! पंख अजून दोन वाढव."

आतून ट्यँहाँ आलं.

"भावोजी! अहो, रडलं! पळा!"

"फरशी ओली आहे रे…"

"जा हो!" मावशींनी दार उघडून धरलं. "आणि त्या कुत्रतोंड्यालाही आत न्या. आज ओल्या फरशीवर त्याचे पाय उमटले तरी चालतील."